पेंत्रेगोव्हला लांबच्या रस्त्याने

बक्स्टन, डर्बीशर
शनिवार, २८ डिसेंबर १९९६

प्रिय इडवल,

नाताळ होऊन गेला, नवं वर्ष दारात आहे. दोन्हीच्या शुभेच्छा एकदमच घे. तू, एलुनेड आणि मेंढ्या, सगळी खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही ठीक. पाकिटावरचं अक्षर ओळखू आलं नसेल म्हणून आधीच सांगतो, मी बर्नार्ड. तुझ्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा हे पत्र शेगडीत टाकावंसं वाटलं तर तो तुझा हक्क आहे. फक्त आधी वाच. जाळायचं काय, ते दुपारीही जाळता येईल.

ऑगस्टमध्ये मी निवृत्त झालो. चौतीस वर्षं लाउथ ते ग्रिम्सबी बस चालवली आणि एकदाही उशिरा काढली नाही. निरोपाच्या समारंभात साहेबांनी हे तीनदा सांगितलं, कारण माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही त्यांना सापडलं नाही. तेव्हापासून मी घरात आहे आणि नेस्टाच्या पायात येतोय. परवा ती म्हणाली, "तू आता किटलीलाही वेळापत्रक लावून देशील." म्हणून मीच फिरायला जायचा विषय काढला.

"हिवाळ्यात कुणी फिरायला निघतं का?" ती म्हणाली.

"गर्दी नसते."

"गर्दी नसते, कारण लोकांना अक्कल असते."

पण निघाली. सामान तिनेच बांधलं. थर्मास, दोन गोधड्या, नाताळच्या केकचा उरलेला अर्धा डोंगर, आणि माझे लोकरी मोजे मोजून सहा जोड. मी तिला मार्ग सांगितला: डर्बीशर, मग श्रॉपशर, मग वेल्समधून समुद्रापर्यंत आणि परत. वेल्सचं नाव निघाल्यावर तिने पिठाचे हात धुतले, पुसले आणि म्हणाली, "समुद्रापर्यंत जाऊ. आमच्या खोऱ्यात नाही." मी बरं म्हटलं.

ते खोटं होतं. पत्र लिहायचं कारण हेच आहे.

एलुनेड दरवर्षी नाताळला आम्हाला कार्ड पाठवते, खाली तुमची दोघांची नावं घालते. तुला हे माहीत नसेल तर तिला बोलू नकोस. यंदा तिने दोन ओळी जास्त लिहिल्या होत्या. 'इडवल दर जानेवारीत प्लगाइनच्या गाण्यांना चर्चमध्ये जातो, मागच्या बाकावर बसतो, गात नाही. घरचं कॅरल अकरा वर्षं तसंच पडून आहे.' नेस्टाने ते वाचलं आणि कार्ड बाकीच्या कार्डांच्या मागे सरकवलं. नंतर बराच वेळ नळ सोडून ती एकच कप विसळत होती.

तीसुद्धा गात नाही, इडवल. रविवारी चर्चमध्ये सगळे उभे राहिले की ती पुस्तक उघडते आणि तोंड मिटते. भांडी घासताना गुणगुणायची, तेही गेलं. मला वाटायचं, वयाने गेलं असेल. म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

तर मागणी अशी. १२ जानेवारीला, रविवारी, तुमच्या पेंत्रेगोव्हच्या चर्चमध्ये प्लगाइन आहे. मी नेस्टाला तिथे आणणार आहे. तिला अजून ठाऊक नाही. तू तिच्याबरोबर उभं राहावंस आणि तुमच्या बाबांचं कॅरल दोघांनी म्हणावंत, एवढंच मला हवं आहे. माझ्याशी बोलायची गरज नाही. माझ्याकडे बघायचीही नाही.

फोन करून हे सांगता आलं असतं असं तू म्हणशील. माझ्याशी फोनवर बोललं की काय होतं, ते तुला एकदा कळलेलंच आहे. म्हणून पत्र.

एलुनेडला माझा नमस्कार सांग, सांगावासा वाटला तर.

बर्नार्ड


लडलो, श्रॉपशर
बुधवार, १ जानेवारी १९९७

प्रिय इडवल,

नव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि या गावात एक चहाचं दुकान उघडं असेल तर शपथ. आम्ही गाडीत बसून केक खाल्ला. काच इतकी गोठली होती की नेस्टाने माझ्या वाचनालयाच्या कार्डाने ती खरवडली. कार्ड मोडलं. "आता नवं कार्ड काढायला तरी वाचनालयात जाशील," म्हणाली. गाडीतला हीटर चालतो, पण फक्त माझ्या डाव्या गुडघ्यापुरता.

घरापासून तुमच्या दारापर्यंत दोनशे मैल. इतक्या रस्त्याला मी पंधरा दिवस लावतोय. नेस्टा नकाशा मांडीवर घेऊन बसते आणि म्हणते, "तू रस्ता शोधतोयस की चुकवतोयस?" बाईंना अजून अर्धंच कळलंय आणि तेच पुरेसं आहे.

काल मी तिला सहज म्हणून आमच्या पहिल्या प्लगाइनची आठवण करून दिली. तुला आठवतं? १९६० साल. आमचं लग्न ठरलं होतं आणि ती मला लिंकनशरच्या सपाट चिखलातून उचलून तुमच्या डोंगरात दाखवायला घेऊन आली होती. चर्च माणसांनी गच्च भरलेलं. मला वाटलं, आता पाद्री नावं पुकारतील, बाजा वाजेल. काहीच नाही. शांतता. मग कुठल्यातरी बाकावरून तीन माणसं उठली, पुढे गेली, एकाने खिशातून सूर लावायचा लोखंडी काटा काढून आपटला, सूर धरला आणि सुरू. गाऊन झाल्यावर गपचूप जागेवर. पुन्हा शांतता, पुन्हा दुसऱ्या घरची माणसं. मग तुम्ही तिघं उठलात. तुझे बाबा मध्ये, तू उजवीकडे, नेस्टा डावीकडे. पणजोबांनी वहीत उतरवलेलं ते चौदा कडव्यांचं कॅरल. मला एक शब्द कळला नाही, पण अंगावर काटा आला, आणि तुम्ही थांबल्यावर मी उठून टाळ्या वाजवल्या.

दोनशे माणसांत एकट्याने. त्या टाळ्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

नंतर तुझ्या बाबांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "हे बघ पोरा, आम्ही लोकांसाठी गात नाही, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत. आणखी एक लक्षात ठेव. इथे प्रत्येक घराचं आपलं कॅरल असतं. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. आणि एकदा गायलं की ते त्या वर्षापुरतं संपलं. त्या संध्याकाळी ते पुन्हा म्हणायचं नाही, कुणीच नाही, काही झालं तरी."

म्हणजे मला माहीत होतं, इडवल. इंग्रज माणसाला काय कळतंय, असं तुम्ही लोक मोठ्या मनाने म्हणाला असाल, तर म्हणू नका. मला स्वतः तुझ्या गुइलिमबाबांनी सांगितलं होतं.

नेस्टा ही आठवण ऐकून हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाबा गेले त्या वर्षी मी जरा थांबायला हवं होतं का रे?" मी म्हटलं, तुला कुठे माहीत होतं ते येणार आहेत. ती म्हणाली, "तेच तर."

त्या वर्षीचं पुढच्या पत्रात लिहीन. आज बोटं आखडली आहेत.

बर्नार्ड


अबेरिस्टविथ
सोमवार, ६ जानेवारी

प्रिय इडवल,

तुला माझी दोन्ही पत्रं मिळाली असणार. उत्तर येणार नव्हतं, कारण मी वाटेतला पत्ताच दिला नव्हता. हेही मी मुद्दामच केलं.

समुद्र खवळलेला आहे. आम्ही सकाळी किनाऱ्याच्या रस्त्याने टोकापर्यंत चालत गेलो आणि इथल्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या कठड्याला लाथ मारायची होती. नेस्टाने दोन मारल्या. "एक माझी, एक तुझी," म्हणाली, "तुझा गुडघा गोठलाय." मग पिशवीतून गरम चिप्स खाल्ल्या. एका समुद्रपक्ष्याने माझ्या हातातली सर्वांत मोठी चिप पळवली आणि नेस्टा इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला. तिला असं हसताना बघून मला वाटलं, जाऊ दे, परत फिरावं. दिवस इतके चांगले चाललेत, कशाला आग लावायची. असंच मला अकरा वर्षं वाटत आलं आहे.

आता लिहितो.

१२ जानेवारी १९८६. सकाळी तू नेस्टाला सांगितलं होतंस की बाबा अंथरुणातून उठू शकत नाहीत, तू त्यांच्यापाशी थांबशील, तेव्हा चुलत भावांना बरोबर घेऊन तिने कॅरल म्हणावं, वर्ष चुकू नये. घरात आजारी माणूस, म्हणून आम्ही गावात मिसेस बेव्हनकडे उतरलो होतो. संध्याकाळी पाच वाजता तिथला फोन वाजला. नेस्टा वर केस विंचरत होती. फोन मी घेतला.

तू काय म्हणालास ते मला आजही पाठ आहे. म्हणालास, "बाबांनी दाढी करून घेतलीय. टाय बांधलाय. ऐकत नाहीत. ट्रॅक्टरने बर्फ सारून त्यांना घेऊन येतो, तास-दीड तास उशीर होईल. नेस्टाला सांग, आमच्यासाठी थांब." मी म्हटलं, "बरं."

आणि मी तिला सांगितलं नाही.

का, ते ऐक. काही मोठं कारण असेल असं तुला वाटत असेल. नाही. सोमवारी सकाळी सहा दहाची बस माझी होती. घाटरस्ता गोठायच्या आत निघायचं होतं. नेस्टा थांबली असती, तर शेवटपर्यंत थांबावं लागलं असतं, मग सगळ्या गाणाऱ्यांचं जेवण, मग बाबांना घरी पोचवणं, मग 'आजची रात्र राहू या'. मी जिना चढता चढता ठरवलं की अशा थंडीत म्हाताऱ्याला कुणी बाहेर काढणार नाही, हे लोक येत नाहीत. चर्चमध्ये गेल्यावर सांगू, असंही ठरवलं. चर्चमध्ये पहिलं घर गाऊन बसलं, शांतता झाली, आणि मीच तिला कोपराने ढोसलं, "जा आता." ती गेली.

तेराव्या कडव्याला दार उघडलं आणि तू त्यांची चाकाची खुर्ची आत ढकललीस. त्यांनी खरंच टाय बांधला होता. ते चौदावं कडवं संपेपर्यंत तसेच दारात थांबले. मग काय, गायलं गेलं होतं. त्यांच्या कॅरलला त्यांना हात लावता येईना. नेस्टा धावत गेली, तर त्यांनी तिच्या गालावर थोपटलं आणि म्हणाले, छान गायलीस. तुझ्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. अर्ध्या तासात मी तिला गाडीत घातलं. सहा दहाची बस वेळेवर काढली. आत चार प्रवासी होते.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. दफन करून आल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात तू नेस्टाला म्हणालास, "मी फोन केला होता. बर्नार्डला सांगितलं होतं थांबायला. तरी तू थांबली नाहीस." ती माझ्याकडे वळली. माझ्या हातात सँडविचची बशी होती. तिने विचारलं, "आला होता फोन?" मी म्हटलं, नाही.

तेव्हा ती तुला म्हणाली, माझा नवरा खोटं बोलत नाही. आणि तू उठून गोठ्यात निघून गेलास. एवढं तुला माहीत आहे. तुला जे माहीत नाही, ते हे: तिला खरंच काही माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी ठरवून तुला खोटं पाडलं असं तुला वाटलं असणार. नाही. तिला वाटतं, बाबा न सांगता आले आणि भावाने आपल्या दुःखात तिच्यावर खोटा आळ घेतला. आजही तिला तेच वाटतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून तिचा भाऊ तिच्यापासून तुटला. तुमच्यात खोटं बोलणारा एकच होता, आणि तो सँडविच वाटत होता.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी मी तिला सांगणार आहे. पेटी रस्त्याच्या पलीकडे आहे, खोलीतून दिसते. तिकीट लावून झालं आहे. ती खाली चहा सांगायला गेली आहे.

जिन्यावर तिची पावलं वाजतायत. 

बर्नार्ड


मखन्थलेथ
गुरुवार, ९ जानेवारी

प्रिय इडवल,

सांगितलं.

चहा यायच्या आत सांगितलं, नाहीतर तो प्यायला बसलो असतो. तिने सगळं उभ्याने ऐकलं. ओरडली नाही, रडली नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, "किल्ल्या." मला वाटलं, घराच्या. गाडीच्या हव्या होत्या.

सहा वर्षांत तिने गाडी चालवलेली नाही. तिने ती डोंगरातून इथवर आणली, आणि मी चौतीस वर्षं बस चालवलेला माणूस शेजारी जीव मुठीत धरून बसलो होतो. एका वळणावर मी "अगं, जरा..." म्हणालो, तर तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पुढे मी नकाशासुद्धा उलगडला नाही. इथे आल्यावर तिने दोन खोल्या मागितल्या. घरमालकीण बाईंनी आमच्या दोघांच्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन किल्ल्या दिल्या.

दोन दिवस आमच्यात जे बोलणं झालं ते इथे सगळं लिहू शकतो. मंगळवारी ती म्हणाली, "मीठ." बुधवारी म्हणाली, "तुझी गोळी घेतलीस?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "चिंता म्हणून नाही विचारलं."

आज सकाळी न्याहारीला ती माझ्या टेबलाशी येऊन बसली.

"तो फोनवर काय म्हणाला? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

"दाढी केलीय म्हणाला, की करून घेतलीय?"

"करून घेतलीय."

"म्हणजे इडवलनेच करून दिली असणार," ती म्हणाली. "बाबांचे हात तेव्हा थरथरायचे." आणि मग ती रडली, इडवल. घरमालकीण बाई अंडी घेऊन आल्या आणि अंड्यांसकट परत गेल्या. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला सारला.

"मी त्याला खोटारडं म्हटलं," ती म्हणाली. "बाबांना पुरून तास झाला नव्हता. त्याच्याच घरात, त्याचाच चहा पिऊन. कुणासाठी? तुझ्यासाठी. तुला एकदा तरी वाटलं नाही, हिला सांगावं?"

"रोज वाटायचं."

"रोज वाटून काय उपयोग? तू काही बोलला असतास तर मी रागावले असते, आठ दिवस, महिना. मग उठून भावाकडे गेले असते. तू माझा महिना वाचवलास आणि अकरा वर्षं घालवलीस."

मी टोस्टची बशी तिच्याकडे सरकवली. 

मग तिने डोळे पुसले, टोस्टला लोणी लावलं आणि व्यवस्था सांगायला लागली. तू ओळखतोसच तिला. रविवारी आम्ही पेंत्रेगोव्हला येतोय. ती आत जाईल. मी गाडीत बसायचं. "बाबांना जे गाता आलं नाही, ते तुला ऐकायला मिळणार नाही," म्हणाली. मी कबूल केलं. यापेक्षा हलकी शिक्षा मला कुणी दिली असती असं वाटत नाही.

तू तिच्याबरोबर उभा राहशील का, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. तिने तुला फोन करायचं मनात आणलं होतं, पण म्हणाली, "अकरा वर्षांनी फोनवर काय बोलू? त्याला मी दिसू दे. मग त्याने ठरवावं." तिला भीती वाटतेय. तू पाठ फिरवलीस तर ती पुन्हा तिकडे यायची नाही, हे मी तिच्या चेहऱ्यावर वाचलं.

एक सांगून थांबतो. आज दुपारी मी माझ्या खोलीत पडलो होतो. आमच्या मधली भिंत पातळ आहे. पलीकडे नेस्टा हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. अडत होती, मागे जात होती, पुन्हा धरत होती. तिचा एकटीचाच सूर, मधला आणि खालचा नाहीच. मी उशीत तोंड खुपसलं, कारण मला ते ऐकायची मनाई आहे. पण भिंतीला कोण मनाई करणार.

हे पत्र तिने वाचलं आहे. 'रडली' या शब्दावर तिने काट मारली होती. मी म्हटलं, आता काही गाळायचं नाही. ती म्हणाली, "ठीक, राहू दे."

बर्नार्ड


लाउथ
बुधवार, १५ जानेवारी

प्रिय इडवल,

घरी पोचलो. रस्ता बरा होता. नेस्टानेच चालवली. वाटेत एका पेट्रोलपंपावर तिने मला हवा भरायला उतरू दिलं, त्याअर्थी थोडी प्रगती आहे. घरातही अजून दोन खोल्या चालू आहेत. पण काल तिने माझ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारलं, "गोधडी पुरते का?" आणि या वेळी चिंता नाही असं काही म्हणाली नाही.

तू चर्चच्या आत होतास आणि मी बाहेर. आतलं मला नेस्टाने आणि जेवताना एलुनेडने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. तुला माझी बाजू माहीत नाही, म्हणून लिहितो.

साडेसहाला नेस्टा आत गेली. तिने बाबांकडून आलेली ती वही छातीशी धरली होती; ती तिने बरोबर आणली होती हे मला तेव्हाच कळलं. दार लागलं. मी काचा वर घेतल्या आणि कानटोपी कानांवर ओढली, म्हणजे दिलेला शब्द मोडायला नको. चर्चच्या खिडक्यांतून पिवळा उजेड पडला होता. आत काय चाललंय ते मला फक्त घड्याळावरून ओळखायचं होतं. एक घर गायलं असेल, आता दुसरं. सात वाजले. सव्वासात. मला वाटलं, ती उठलीच नसेल. किंवा उठली आणि तू निघून गेलास. तू दारातून बाहेर येतोस का, म्हणून मी दाराकडे बघत बसलो. बघून बघून डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचं खापर मी थंडीवर फोडलं.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. नेस्टा उठली, एकटीच पुढे गेली आणि उभी राहिली. तिने सूर धरला नाही. वही उघडली नाही. नुसती उभी राहिली. सबंध चर्च तिच्याकडे बघतंय, कुणी खोकतंय, पाद्री खाली बघतायत, आणि ही थांबलीय. नेस्टा म्हणते, एखादं मिनिट असेल. एलुनेड म्हणते, पाच मिनिटं होती, मी हातरुमाल पिळून त्याची दोरी केली. पाच असोत की एक, त्या वेळात काय वाटलं ते नेस्टाने मला गाडीत सांगितलं. म्हणाली, "मी ठरवलं होतं, तो नाही आला तर गायचं नाही. तसंच उभं राहायचं, सगळे घरी जाईपर्यंत. त्याने सांगितलं होतं ना, थांब म्हणून? मग थांबायचं."

मग मागच्या बाकावरून तुझ्या बुटांचा आवाज आला.

तुम्ही बाबांची जागा मध्ये मोकळी ठेवलीत आणि दोघं दोन बाजूंना उभे राहिलात, हेही मला कळलं. मला यातलं काहीच ऐकू आलं नाही. मला ते ऐकायचा हक्कही नव्हता. पण तुमच्या चौदा कडव्यांच्या वेळात मी गाडीत बसून दोनदा घड्याळ बघितलं आणि मग घड्याळ काढून खिशात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुठे पोचायची घाई नव्हती.

नंतर तू बाहेर आलास. काचेवर टकटक केलंस. मी काच खाली घेतली. आपण एकमेकांकडे बघितलं. तू किती पिकलास रे. मीही.

"मी तुला माफ केलेलं नाही," तू म्हणालास.

मी म्हटलं, ठीक.

"करीन की नाही, तेही सांगत नाही."

मी म्हटलं, बरं.

"पण जेवण आहे सगळ्यांचं. एलुनेडने तुझीही बशी मांडलीय. इथे गोठून मेलास तर नेस्टा मलाच बोलेल. ऊठ."

मी उठलो. सगळ्या गावादेखत तू माझ्यापुढे डुकराच्या मांसाची ताटली सरकवलीस आणि माझ्याकडे पाठ करून बसलास. तुझ्या पाठीकडे बघत मी जेवलो. अकरा वर्षांत इतकं चवीने जेवलो नव्हतो. हे तोंडावर सांगता आलं नाही म्हणून लिहितो: मला माझी लाज वाटते, इडवल, आणि ती वाटत राहील. पण नेस्टा आज सकाळी भांडी घासताना गुणगुणत होती. मी स्वयंपाकघरात आलो तरी थांबली नाही.

आता कामाचं. मी हे पत्र लिहितोय हे कळल्यावर तिने तुझ्यासाठी एक निरोप सांगितला. मला लिहायला लावला, वाचून दाखवायला लावला, आणि मग पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतला. तो असा:

"इडवलला सांग, दहाव्या कडव्यात आपण दोघंही घसरलो, बाबांनी डोळे वटारले असते. फेब्रुवारीत मी आठवडाभर येतेय. एकटी, रेल्वेने. पंधरा तारखेला, दुपारी सव्वादोनला वेल्शपूलच्या स्टेशनवर मला घ्यायला ये. मेंढ्या व्यायल्या, बर्फ पडलं, काहीही झालं आणि तुला उशीर झाला, तरी घाई करू नकोस. मी थांबीन."

यातला एकही शब्द मी गाळलेला नाही.

निरोप पोचवणारा,
बर्नार्ड